ज्येष्ठांचे मुखारोग्य



आम्ही वैद्य नाही. आमचे काम हिशेबाचे. तरीही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. वृद्ध रुग्ण गुडघ्यांची तक्रार सांगतात, तोंडाची सांगत नाहीत. कोरड, जिभेची जळजळ वयावर ढकलली जाते. वास्तविक कोरड अनेकदा औषधांमुळे पडते. औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. अहोरात्र कवळी घातल्यास तिच्याखाली बुरशी वाढते. रात्री ती काढून, घासून पाण्यात ठेवावी. मात्र दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा दुखत नसला तरी त्वरित दाखवावा, विशेषतः तंबाखू-मिश्रीची सवय असल्यास. तोंडाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखत नाही. केसपेपर काढताना तोंडाची तक्रारही अवश्य नोंदवावी, ही नम्र विनंती.