सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय? आधी गेज बघा

कॉम्प्रेसरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून हवा सुटू लागली की लगेच पाना उचलू नका. आधी गेज बघा. काटा कट-आउटच्या, म्हणजे मोटर बंद व्हायच्या दाबाच्या, पुढे गेला असेल, तर व्हॉल्व्ह आपलं काम चोख करतोय. दोष प्रेशर स्विचमध्ये शोधा.

दाब नेहमीइतकाच असूनही फुसफुस चालू असेल, तर बहुधा व्हॉल्व्हच्या सीटवर गंज किंवा कचरा अडकलेला असतो. सुरक्षा चष्मा घालून, टाकीत दाब असताना व्हॉल्व्हची रिंग क्षणभर ओढून सोडा. कचरा उडून जातो. तरीही गळती थांबली नाही, तर वीज तोडा, टाकी पूर्ण रिकामी करा आणि तेवढ्याच दाबाचा, तेवढ्याच क्षमतेचा नवा व्हॉल्व्ह बसवा. काही ठिकाणी व्हॉल्व्हच्या जागी चक्क बूच ठोकतात. कृपा करून असं कधीही करू नका, टाकी फुटून माणसं दगावतात.