काला अंब येथे अडलेला कॅमेरा



दिल्लीहून उत्तरेस नव्वद-एक किलोमीटर गेले म्हणजे पानिपत लागते, आणि तेथून सात-आठ किलोमीटरवर काला अंब. येथे लोखंडी कुंपणाच्या आत विटांचा एक स्तंभ उभा आहे. इ.स. 1761च्या जानेवारीत, पौष शुद्ध अष्टमीच्या बुधवारी, पानिपतच्या लढाईत सांडलेल्या रक्ताने जो आम्रवृक्ष काळवंडला, किंबहुना ज्याच्या फळांतला रसदेखील लालसर निघे असे सांगतात, तो वृक्ष आता तेथे नाही. तो वाळला, त्याच्या लाकडाची दारे करविली गेली, अशी हकिगत त्या बाजूला ऐकू येते. वृक्षाच्या जागी स्तंभ आला; नाव मात्र वृक्षाचेच राहिले, आणि आपण मराठी माणसे तेथे जातो ती त्या नसलेल्या झाडाच्या दर्शनाला.

मीही गेल्या जानेवारीत असाच गेलो होतो. बरोबर वडिलांचा याशिका-मॅट 124जी हा दुहेरी भिंगांचा कॅमेरा होता. मुंबईच्या बोरा बाजारातून त्यांनी तो जुन्या मालात घेतला होता, आणि त्यांच्या पश्चात पंधरा-सोळा वर्षे तो आमच्या फडताळात मलमलीच्या फडक्यात विसावला होता. ज्यांनी असा कॅमेरा हाताळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो की, यात डोळा लावून पाहावयाचे नसते. पेटी छातीशी धरून, मान खाली घालून, वरच्या काचेवर उमटणाऱ्या डाव्या-उजव्याची अदलाबदल झालेल्या प्रतिमेकडे पाहावयाचे असते. अशा ठिकाणी हे आसन अनायासे औचित्याचे ठरते. धुके इतके दाट होते की स्तंभाचा शेंडा त्यात विरून गेला होता. मी कुंपणाच्या पट्टीवर पेटी टेकवली, एक-अष्टमांश सेकंदाचा वेग ठेवला आणि कळ दाबली. जो आवाज 'टिक' असा येऊन थांबावयाचा तो 'कुर्र्र' करीत लांबतच गेला. आणखी दोन-तीन चित्रांनंतर रोल पुढे सरकविणारी मूठ अर्ध्या फेऱ्यात अडली, ती अडलीच. तिच्यावर बळ न करण्याची सुबुद्धी मला झाली, एवढेच माझे त्या दिवशीचे शहाणपण.

परतताना दिल्लीस उतरलो आणि चांदणी चौकातल्या कूचा चौधरी या गल्लीत, जेथे कॅमेऱ्यांचा बाजार आहे, एका वृद्ध कारागिराच्या पुढ्यात तो रुग्ण ठेवला. त्याने मूठ हलविली नाही, पेटी कानाशी नेली, भिंगातून उजेडाकडे पाहिले आणि म्हणाला, "बाबूजी, टूटा नहीं है. बस, चला नहीं है."

या चार शब्दांनी माझा सारा प्रश्नच उलटा केला. मी समजत होतो की कॅमेरा वापरून झिजला. वस्तुस्थिती अशी की तो न वापरल्याने आखडला होता. शटरच्या आत केसासारखी पातळ पोलादी पाती असतात, आणि मंद वेगांचा हिशेब ठेवणारी एक घड्याळी चाकांची रांग असते. त्या चाकांना दिलेले वंगण वर्षानुवर्षे बसून राहिले की त्याचा राळेसारखा चिकटा होतो, तेल पात्यांवर चढते, आणि थंडीत ते अधिकच घट्ट होते. पानिपतच्या गारठ्याने नवा दोष निर्माण केला नव्हता. आमच्या फडताळातला जुना दोष त्याने चव्हाट्यावर आणला इतकेच. भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती, ती तर अस्सल मुंबईच्या पावसाळ्याची देणगी.

आता निवाडा करावयाचा. घरी चिरंजिवांचे मत स्पष्ट होते की दुरुस्तीच्या खर्चात थोडी भर घातली तर दुसरा येतो. हिशेबाच्या वहीत हे म्हणणे बिनतोड आहे. पण दुसरा म्हणजे कोणता? या जातीच्या कॅमेऱ्याचे उत्पादन 1986च्या सुमारास बंद झाले. निकॉनने आपला शेवटचा फिल्मचा कॅमेरा, एफ6, 2020 साली थांबविला. पेंटॅक्सने 2024 साली एक नवा काढला खरा, पण तो अर्ध्या चौकटीचा, निराळ्याच प्रकृतीचा. तेव्हा 'बदली' म्हणून जो येणार तो दुसऱ्या कोणाच्या फडताळातून, त्याच वयाचा, तेच वाळलेले तेल पोटात घेऊन येणार, आणि त्याच्या पूर्वायुष्याचा दाखला मजपाशी असणार नाही. जुना विकून जुना घेणे याला बदली म्हणावे की दुरुस्तीची मुदत पुढे ढकलणे म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला ते दुसरे वाटले.

दुरुस्तीच्या विरुद्ध बाजूचीही रुजुवात केली पाहिजे. एखादे दातेरी चाकच तुटले असेल तर नवे चाक बाजारात नाही. दुसरा कॅमेरा मोडूनच ते मिळते, म्हणजे एकाला जगविण्यास दुसऱ्याचा बळी. आतला प्रकाशमापक ज्या पाऱ्याच्या सेलवर चाले, ते सेल पाऱ्याच्या विषारीपणामुळे बंद झाले. आजचा सेल घातला तर दाब थोडा अधिक पडतो आणि काटा खोटी साक्ष देतो. तो मापक मी सोडून दिला. उन्हाचा अदमास वडील डोळ्यांनीच घेत असत. शिवाय, दुरुस्त करून पुन्हा मलमलीतच गुंडाळावयाचा असेल तर खर्च फुकट आहे. अशा माणसाने कॅमेरा सरळ काचेच्या कपाटात मांडावा, त्यात कमीपणा नाही.

पानिपत हे शहर या विषयात मोठे अधिकारी आहे, हे मला तेथे हिंडताना कळले. जगभरातून टाकून दिलेले लोकरी कोट आणि स्वेटर तेथे गठ्ठ्यांनी येतात. त्यांची बटणे काढून, रंगवार वेगळे करून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत होते आणि त्या सुताची घोंगडी-ब्लँकेटे विणली जातात. ही दुरुस्तीही नव्हे आणि बदलीही नव्हे. आणि ज्या मराठी राज्याचा येथे अडीच महिन्यांच्या कोंडीनंतर एका दिवसात पराभव झाला, त्याच्या बाबतीतही कोणी नवे राज्य आणून बसविले नाही. राणेखान भिस्त्याने वाचविलेल्या महादजी शिंद्यांचा पाय कायमचा अधू राहिला. त्याच पायाने ते चालले, आणि 1772च्या जानेवारीत बादशहा शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली दिल्लीत परत आला. कॅमेऱ्याच्या गोष्टीत महादजींना ओढल्याबद्दल इतिहासकारांची क्षमा मागतो. काला अंबच्या वाटेवर मन असे भरकटते.

कॅमेरा मी कारागिराच्या हवाली केला. त्याने काळ्या पिशवीत हात घालून आतला अर्धवट रोल आधी सोडवून दिला आणि महिन्याभराचा वायदा केला, लागले अडीच. चाक शाबूत निघाले. पाती धुतली, वंगण बदलले, बुरशी बरीचशी गेली, थोडा डाग कडेला राहिला. आता महिन्याला एक रोल, म्हणजे बारा चित्रे, हा आमच्या घरचा शिरस्ता आहे. चिरंजीवही मान खाली घालून पाहावयास शिकले आहेत.

तो सोडविलेला रोल मी पुण्यात धुऊन घेतला. स्तंभाच्या चित्रात पाती वेळेवर मिटली नव्हती, म्हणून उजेड प्रमाणाबाहेर आत शिरला होता. पट्टी दिव्यासमोर धरली तेव्हा पानिपतचे ते पांढरे धुके काळेकुट्ट उमटले होते, आणि त्यात स्तंभाचा फिकट बुंधा तेवढा दिसत होता, वरचा भाग नाहीच.