गाडी ‘टक्’ करते तेव्हा

श्रोतेहो, जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला एक आवाज झोपेतसुद्धा ओळखू येतो. किल्ली फिरवली की बॉनेटखालून येणारा ‘टक्’. त्याच्यामागून इंजिनाची घरघर यायला हवी, ती येत नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा टक्.

2006 च्या डिसेंबरातली गोष्ट. पहाटेचे चार वाजले असतील. आईला श्वास लागला होता आणि आमच्या डॉक्टरांनी वेळ न घालवता अकोल्याला हलवा म्हणून सांगितलं. वाशीमहून अकोला म्हणजे मालेगाव, मेडशी, पातूरचा घाट, सगळं मिळून ऐंशीएक किलोमीटर. दाराशी आमची 1979 ची प्रीमियर पद्मिनी उभी. आईला मागच्या सीटवर टेकवून बसवलं, पत्नी तिच्या शेजारी बसली, मी दिवे लावले आणि किल्ली फिरवली. टक्. दिवे मात्र लख्ख. समोरच्या भिंतीवर चुन्यानं रंगवलेली बियाण्याची जाहिरात अक्षरन्‌अक्षर वाचता येत होती. ते लख्ख दिवे मला काहीतरी सांगत होते, पण ऐकण्याच्या मन:स्थितीत मी नव्हतो.

शेजारची चार मंडळी उठून आली. दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरला, त्यांनी धक्का दिला, क्लच सोडला आणि पहिल्याच हिसक्याला गाडी सुरू झाली. अकोल्यापर्यंत मी इंजिन एकदाही बंद केलं नाही. आई आठव्या दिवशी घरी आली आणि पुढं कितीतरी वर्षं राहिली. पण ती दाराशी गेलेली दहा-पंधरा मिनिटं घरात कुणी विसरलं नाही. पत्नी एवढंच म्हणाली, “एक तर गाडी नीट करा, नाही तर विकून टाका.”

मग मी जे केलं ते जुन्या गाडीचे बहुतेक मालक करतात. एकामागून एक वस्तू बदलत सुटलो. आधी नवी बॅटरी आणली, जुनी भंगारात दिली. तीन दिवस गाडी बिनतक्रार लागली. चौथ्या दिवशी टक्. मग सेल्फ उतरवला, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे ‘सेल’ म्हणतात तो स्टार्टर. कार्बन बदलले, बुश बदलले, आर्मेचर तपासून घेतलं. आठवडा बरा गेला. मग पुन्हा टक्. इग्निशन स्विच बदलला. एका सकाळी तर चोकच्या वायरीपाशी काहीतरी जळाल्याचा वास आला, तोही मी जुन्या गाडीला वास येतोच म्हणून सोडून दिला. शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि वजनाच्या हिशेबानं भाव सांगितला. तो आकडा ऐकून मला गाडीपेक्षा स्वत:चाच राग आला.

पुसद नाक्याच्या बाजूला गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्री होते. गावात सगळे त्यांना चाचा म्हणत. बॅटरी आहे, सेल्फ आहे, सगळं नवं आहे, असं मी त्यांना मोठ्या ठसक्यात सांगितलं. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही.

“मास्तर, पयले लाईट लावा. आता सेल मारा.”

मी किल्ली फिरवली. टक्. दिवे तसेच लख्ख.

“मारत राहा,” म्हणाले, आणि बॉनेटखाली वाकून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या चोकच्या वायरीला त्यांनी बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. “तुमी लावून पाहा बरं हात.” मी लावला. चटका बसला.

चोकची वायर म्हणजे काय, तर एक साधी तार. आतल्या खटक्याला बांधलेली, खेचली की कार्ब्युरेटरची झडप बंद करणारी. तिचा विजेशी काडीचाही संबंध नाही. ती तापायचं कारणच नाही.

“करंट बॅटरीतून जाते, सेलमंदी जाते, ते बराबर आहे,” चाचा म्हणाले. “पण वापस कोन्या रस्त्यानं येते, ते पाह्यलं का तुमी?”

श्रोतेहो, मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. विद्युतमंडल पूर्ण असल्याशिवाय प्रवाह वाहत नाही, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं त्याची मोजदाद नाही. आणि माझ्याच गाडीत मी फक्त जाणाऱ्या वाटेकडे बघत राहिलो होतो.

घरात आपण जाणारी आणि येणारी अशा दोन तारा ओढतो. मोटारीत मात्र परतीची तार बहुतेक ठिकाणी नसतेच. पत्र्याची बॉडी हीच परतीची तार. बॅटरीचं एक टोक बॉडीला जोडलेलं असतं. पण इंजिन बसवलेलं असतं रबरी गुटक्यांवर, थरथर बॉडीत येऊ नये म्हणून. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी खाली दिलेली असते. तीच अर्थची पट्टी. माझ्या गाडीत ती गिअरबॉक्सच्या बाजूला होती. वर्षभरापूर्वी एका गॅरेजमध्ये क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला होता. बसवताना पट्टीचं टोक गंजावर आणि रंगावर तसंच कसलं गेलं होतं, तेही सैल. सेल्फचा सगळा प्रवाह घरी परतायला वाट शोधत होता आणि त्याला सापडली ती बिचारी चोकची वायर.

चाचांनी ते सिद्धही करून दाखवलं. एक जाड केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला आणि दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला घट्ट धरलं. “मारा.” इंजिन असं गरगरलं की मीच दचकलो. पट्टी काढली, दोन्ही टोकांची जागा पॉलिशपेपरनं चकचकीत केली, नवी वायसर घालून बोल्ट आवळला. चहा यायच्या आत काम झालं होतं.

मग लख्ख दिव्यांचं काय? हा सगळा हिशेब ओहमच्या नियमाचा आहे. सेल्फला सुरुवातीला शंभर-दीडशे अँपिअर, कधी त्याहून जास्त प्रवाह लागतो. एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध समजा फक्त 0.02 ओहम आहे. दीडशे अँपिअरला त्या सांध्यावर तीन व्होल्ट जिरतात. बारातले तीन गेले, सेल्फ गळाला. पण त्याच सांध्यातून हेडलाइटचे आठ अँपिअर गेले तर जिरतात 0.16 व्होल्ट. डोळ्याला फरकही कळत नाही. म्हणजे दिवा लागतो म्हणून सांधा चांगला, असं म्हणता येत नाही. माझ्या गाडीत तर दिव्यांची परतीची वाट थेट बॉडीतून होती, त्यामुळे इंजिनाची पट्टी निकामी असल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. धक्क्यानं गाडी का लागायची, तेही आता कळलं. ठिणगीसाठी कॉइलला जेमतेम तीन-चार अँपिअर लागतात, तेवढे चोकच्या वायरीतून सहज परत येत.

चाचांची दिव्यांची ती युक्ती मी नंतर अनेकांना शिकवली. गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि सेल्फ मारताना दिव्यांकडे बघा. दिवे एकदम मंदावून विझायला आले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे पोल खराब आहेत. क्वचित सेल्फच अडकलेला असतो. दिवे लख्ख आणि टक् असा आवाजसुद्धा नाही, तर सोलेनॉइडपर्यंत प्रवाह पोचतच नाही. इग्निशन स्विच आणि तिथून निघणारी बारीक तार तपासा. दिवे लख्ख आणि टक्, तर सोलेनॉइडचे आतले संपर्क जळालेत, किंवा जाड केबल, किंवा माझ्यासारखी अर्थची पट्टी.

ज्यांच्याकडे मल्टीमीटर आहे त्यांना तर चटकाही खायला नको. बॅटरी विश्रांतीत 12.6 व्होल्टच्या आसपास असली की भरलेली; 12.2 म्हणजे निम्म्यावर आली. सेल्फ फिरताना ती साडेनऊच्या खाली घसरली तर बॅटरीवर संशय घ्या. आणि खरी गंमत पुढं आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरी इंजिनाच्या लोखंडावर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. तिथं अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठंतरी सांधा बिघडलाय. मी नंतर मुद्दाम पट्टी सैल करून मोजलं. आकडा बघून माझं मलाच हसू आलं. दहा रुपयांचा बोल्ट आणि मी नवी बॅटरी आणली होती!

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन लागत नाही, हा वेगळा रोग. तिथं बॅटरीला दोष देऊ नका, ठिणगी शोधा. कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरच्या मधोमध येणारी जाड वायर काढा, रबरी मुठीच्या पक्कडीत धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी दिसली तर कॉइल ठीक. पुढं कॅप, रोटर आणि प्लग बघा. पेट्रोलचा वास येत असेल तेव्हा मात्र हा प्रयोग अजिबात करू नका. ठिणगी नसेल किंवा पिवळट, मरतुकडी असेल तर डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. ते साफ हवेत आणि त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी. पॉइंट पुन्हापुन्हा जळून काळे पडत असतील तर घासत बसू नका, कंडेन्सर बदला. कॉइलची खोड अशी की गार असताना चालते आणि तापली की दगा देते. किल्ली चालू ठेवून गाडी नुसती उभी केली तरी ती तापते, हे पोरांना सांगून ठेवलेलं बरं.

पावसाळ्यात निम्म्या तक्रारी डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधल्या ओलाव्याच्या असतात. कॅप काढा, कोरड्या फडक्यानं आतून पुसा, झालं. आणि आपल्या भागात आणखी एक कारण आहे, ते कुठल्याच माहितीपुस्तकात नाही. सोयाबीन निघालं की शेतातले उंदीर घराकडे येतात आणि थंडीत त्यांना बॉनेटखालची ऊब फार आवडते. एकदा एअर क्लिनरमागं तुरीच्या शेंगांचा अख्खा साठा सापडला होता आणि सोलेनॉइडची तार अर्धी कुरतडलेली. तेव्हापासून दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा तरी बॉनेट उघडतो.

सेल्फला जपायचं म्हणजे काय, तेही सांगतो. 1912 च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर पहिल्यांदा नियमितपणे बसवला गेला. तो चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्यानं केला. त्याआधी त्यानं नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीसाठी विजेवर चालणारा गल्ला बनवला होता. त्यातून त्याला उमगलं की मोटरला दिवसभर राबायचं नाही, क्षणभरच मोठा जोर लावायचाय. मग ती लहान असली तरी चालते. आजही सेल्फची प्रकृती तीच आहे, क्षणभराची. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावं. रागानं किल्ली धरून ठेवणाऱ्यांनी मी पाहिलेले निम्मे सेल्फ जाळलेत.

बॅटरीशी खेळताना चाचा आधी माझं स्टीलचं घड्याळ आणि अंगठी काढायला लावत. अर्थची क्लॅम्प काढताना सर्वांत आधी आणि लावताना सर्वांत शेवटी. जवळ विडी नको, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो. आणि काही जुन्या इंग्रजी घाटाच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, तेव्हा खूण बघितल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही.

पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आमची अजून आहे. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं; तिला तो मान 2029 मध्ये मिळेल. चाचा आता नाहीत. वितळलेल्या वेष्टणाची ती चोकची वायर मी बदलली, पण टाकली नाही. दुसऱ्या वर्षी दहावीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवताना ती घेऊन गेलो आणि सगळी हकिगत सांगितली. पोरं हसली. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र उभा राहिला आणि म्हणाला, “सर, म्हणजे तुमची जुनी बॅटरी चांगलीच होती ना?”

होती.