पांढरं सोनं आणि विटाळ

अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोला, अमरावतीचे बाजार फुलले, पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. पैसा मुरला तो सावकार, अडते आणि मोठ्या खातेदारांकडे. निंदण-वेचणीला भूमिहीन, त्यांत दलित मोठ्या संख्येनं.

रोख मजुरी आली की जात सैल होईल, असं कुणालाही वाटावं. पण याच कापसाचं कापड विणणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांत तसं झालं नाही. कापडखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, नवी कांडी घातली की धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे. उष्ट्या धाग्याचा विटाळ नको म्हणून अस्पृश्यांना तिथं मज्जाव, त्यांच्या वाट्याला कमी पगाराची खाती. आणि विदर्भातले कितीतरी महार तर पिढीजात विणकर! 1928 च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही.

इकडे वऱ्हाडात, अमरावतीतही 1927 मध्ये अस्पृश्यांच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला. वऱ्हाडातले नेते पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. शेतात कापसाची वेचणी मात्र आजही किलोच्या भावानं होते. वेचणाऱ्या बहुतेक बाया, आणि सातबाऱ्यावर त्यांचं नाव क्वचितच.