यंत्र आपले, किल्ली कोणाची?



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावर यावे ते वेतन आणि बोनस यांवर बोलण्यासाठी, असा आपला समज असणे स्वाभाविक आहे. आज मी मोबाईलच्या कुलपाविषयी बोलणार आहे. मी कॉलेजाची पायरी चढलेला नाही. परंतु काम करणाऱ्याच्या हातातले हत्यार कोणाच्या हुकमतीत असावे, हा प्रश्न कामगारांचाच आहे. म्हणून हे धाडस.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी वखर विकत घेतो. पास झिजली की लोहाराकडून नवी बसवून घेतो. वखर विकणाऱ्याची परवानगी त्यासाठी लागत नाही. मोबाईलचे मात्र तसे नाही. तो सुरू होताच बूटलोडर नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो. हा कंपनीने बसविलेला राखणदार. पुढे चालू होणाऱ्या कार्यप्रणालीवर कंपनीची सही आहे काय, हे तो पाहतो. सही नसेल तर तिला आत येऊ देत नाही. त्याची ही अट उठविणे म्हणजे फोन ‘अनलॉक’ करणे. काही कंपन्या ते करू देतात, काही कित्येक दिवस थांबावयास लावतात, काही मुळीच करू देत नाहीत. कुलूप उघडले की दुसरी कार्यप्रणाली घालता येते. २००९ मध्ये सुरू झालेले सायनोजेनमॉड, आणि ते २०१६ च्या अखेरीस बंद पडल्यावर त्यातून निघालेले लीनिएज ओएस, ही अशीच कामे. त्यांत स्वयंसेवकांचा वाटा मोठा. कंपनीने सुधारणा देणे थांबविलेल्या कितीतरी फोनांचे आयुष्य त्यामुळे वाढले.

यात धोकाही आहे, तो लपवू नये. अनलॉक करताना फोनमधली सर्व माहिती पुसली जाते. हमी जाऊ शकते. बँकांची काही ॲप चालेनाशी होतात. आणि राखणदार गेला की चोरालाही वाट सोपी होते. म्हणून कुलूपच नको, असे मी म्हणत नाही. कुलूप असावे; पण ज्याने घर विकत घेतले, किल्ली त्याच्या कनवटीला असावी.

येथे एक विसंगती पाहा. अँड्रॉइडचा गाभा म्हणजे लिनक्स. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते सुरू केले आणि जगभरच्या हजारो हातांनी वाढविले. जो कोणी ते यंत्रात घालून विकेल त्याने त्याचा मूळ मजकूर मागणाऱ्यास द्यावा, असा त्याचा परवाना सांगतो. मजकूर मिळतो, परंतु बदललेला मजकूर त्याच यंत्रात चालेलच, याची हमी नाही. पाककृती दिली आणि चूल कुलपात ठेवली, असा हा प्रकार. या परवान्याची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये निघाली. तिने घरगुती यंत्रांपुरती ही पळवाट बुजविली. लिनक्स मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिले. हजारोंच्या श्रमावर एकाचे कुलूप बसते ते असे.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना २०१९ च्या सुमारास सरकारने मोबाईल दिले. त्यांत दोन जीबी रॅम होती. २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर आले. फोन तापत, अडकत. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या अंगावर पडे. ॲपची भाषा इंग्रजी. बालकाचे वजन करणे हे जिचे काम, ती इंग्रजी रकान्यांशी झुंजत बसली. फोन सरकारचा, तेव्हा त्याचे कुलूप उघडण्याचा अधिकार तिला नव्हता. आणि उघडले असते तरी दोन जीबीचे चार झाले नसते. दुसऱ्याच्या ॲपमध्ये मराठीही आली नसती.

तेव्हा त्या काय करत्या झाल्या? २०२१ च्या ऑगस्टपासून संघटनांच्या हाकेने सेविकांनी राज्यभर ते फोन कार्यालयांत नेऊन परत केले. २०२३ च्या फेब्रुवारीतील संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच. एक कुलूप यंत्राला असते, ते जाणकार तरुण उघडतो. दुसरे कुलूप निर्णयाला असते; ते एकट्याने उघडत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. या हक्कात किल्लीचाही समावेश व्हावा. कंपनी ज्या दिवशी सुधारणा देणे थांबवील, त्या दिवशी तिने किल्ली खरेदीदाराच्या स्वाधीन करावी. आणि कामासाठी जे यंत्र द्यावयाचे, ते वापरणाऱ्यांस विचारून, त्यांच्या भाषेत द्यावे. आपल्या मुलांनी फोन उघडण्याची विद्या जरूर शिकावी. आपण मोठ्यांनी ही मागणी करण्याची सवय लावून घ्यावी.