जोखीम नको असणाऱ्या बायका

(दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी गटचर्चेत एकीने विचारलं की साडी नेसतो आपण, घेतो आपण, मग लक्ष्मी रोडवर काय किंवा दादरला काय, बहुतेक जुन्या दुकानांत गादीवर बसून साड्या दाखवणारे पुरुषच का? स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून, निऱ्या धरून दाखवतात ते. सगळ्या हसल्या. मालकाला विचारलंत तर तो सांगेल, 'बायकांनाच नको असतं हो. धावपळ, टार्गेट, रात्री उशीर... त्यांना आपला बिलाचा नाही तर पॅकिंगचा काउंटर बरा.' हे 'त्यांनाच नको असतं' अमेरिकेतल्या एका प्रचंड मोठ्या कंपनीने कोर्टात मांडलं आणि ती खटला जिंकली. त्या कंपनीची, सीअर्सची, गोष्ट मी आज सांगणार आहे. ती कशी वाढली आणि तिचे तुकडे कसे झाले, हेही सांगेन, कारण माझ्या मते त्या खटल्याचं खरं उत्तर त्या तुकड्यांत आहे.

रिचर्ड सीअर्स हा रेल्वे स्टेशनवरचा माणूस. १८८६ साली त्याने टपालाने घड्याळं विकायला सुरुवात केली. पुढे शिकागोला आला, रोबक नावाचा घड्याळजी जोडीला घेतला. १८९३ पासून 'सीअर्स, रोबक अँड कंपनी'. शेतावर राहणाऱ्या कुटुंबाला तेव्हा गावातल्या एकुलत्या दुकानदाराकडे तो सांगेल त्या भावाने माल घ्यावा लागे. सीअर्सचा जाडजूड कॅटलॉग घरी आला आणि शिलाई मशीन, चूल, कापड, पुढे तर अख्खं घर बांधायचं सामानसुद्धा त्यातून मागवता येऊ लागलं. दक्षिणेतल्या काळ्या गिऱ्हाइकांना गोऱ्यांच्या दुकानात सगळ्यांच्या मागे उभं राहावं लागे. टपालाने माल मागवला की तो अपमान टळायचा. हे चांगलं झालं, आणि ते मोकळेपणाने म्हटलं पाहिजे.

पण ती पत्रं उघडायला, ऑर्डरी लावायला शिकागोच्या कोठारात हजारो मुली बसत. १९१३ साली इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाच्या समितीने बायकांच्या कमी पगाराची चौकशी केली. कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी साक्षीत सांगितलं की कमी पगार आणि मुलींचं वाईट मार्गाला लागणं यांचा जवळजवळ काही संबंध नाही. हेच गृहस्थ दक्षिणेत काळ्या मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा बांधायला मदत करणारे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

१९२५ पासून कंपनीने दुकानं काढली. १९३१ साली मोटारींचा विमा विकणारी 'ऑलस्टेट' कंपनी सुरू केली. (नाव आधी त्यांच्या टायरचं होतं!) १९७३ च्या सुमारास शिकागोत एकशे दहा मजल्यांचा टॉवर उभा राहिला. तेव्हा तो जगात सर्वांत उंच होता. १९८१ साली घरं-जमिनींचे व्यवहार करणारी 'कोल्डवेल बँकर' आणि शेअरदलाली करणारी 'डीन विटर' विकत घेतली. १९८५ मध्ये 'डिस्कव्हर' हे क्रेडिट कार्ड काढलं. मोजे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने त्याच छपराखाली शेअरही घ्यावेत, असा हिशोब. दुकान आता एका मोठ्या पसाऱ्याचा एक भाग झालं होतं.

याच वर्षांत खटला चालला.

अमेरिकेत समान रोजगार संधी आयोग आहे. त्याने १९७३ साली सीअर्सविरुद्ध तक्रार नोंदवली आणि १९७९ साली खटला भरला. मुद्दा कमिशनचा. दुकानात दोन तऱ्हेच्या विक्रेत्या जागा होत्या. सौंदर्यप्रसाधनं, लहान मुलांचे कपडे यांच्या काउंटरवर ठराविक पगार, आणि तिथे बहुतेक बायका. भट्ट्या, फ्रिज, टायर, कुंपणाचं सामान अशा महागड्या मालावर कमिशन, आणि तिथे बहुतेक पुरुष. कमिशनवाल्याला पहिल्याच वर्षी साधारण दुप्पट मिळे. पूर्णवेळ विक्रीच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांत बायका ६१ टक्के होत्या. कमिशनच्या पूर्णवेळ जागांवर नव्याने घेतलेल्यांत फक्त २७ टक्के. चूल वापरणार ती, ती विकणार तो!

निवडीच्या चाचणीतले प्रश्न तर ऐका. तुमचा आवाज खालच्या पट्टीतला आहे का? तुम्ही फुटबॉलच्या संघात खेळला आहात का? शिकार केली आहे का? वारंवार शिव्या देता का? भट्टी विकायला यातलं काय लागतं, सांगा.

सीअर्सने आकडे फार नाकारले नाहीत. आम्ही बायकांना घ्यायचा प्रयत्न केला, त्याच पुढे आल्या नाहीत, असं म्हटलं. त्यांचा वकील चार्ल्स मॉर्गन हा एके काळी काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी लढलेला नामवंत वकील. आणि त्यांची साक्षीदार होती एक स्त्रीवादी इतिहासकार, रोझालिंड रोझेनबर्ग. तिने सांगितलं की स्त्रियांची जडणघडण वेगळी, त्यांचा कल घराकडे आणि नात्यांकडे असतो, चढाओढीच्या कामापेक्षा त्या वेगळं काम पसंत करतात. तेव्हा बायका कमी असण्याचं कारण भेदभावच असेल असं नाही. आयोगाकडून दुसरी स्त्रीवादी इतिहासकार उभी राहिली, ॲलिस केसलर-हॅरिस. तिचं म्हणणं, बायकांनी काय 'निवडलं' ते त्यांच्यासमोर काय ठेवलं होतं त्यावरून ठरतं. संधी मिळाली तेव्हा बायकांनी हरतऱ्हेची कामं केलेली आहेत.

१९८६ साली न्यायाधीशांनी सीअर्सच्या बाजूने निकाल दिला. १९८८ मध्ये अपील कोर्टानेही तो कायम ठेवला. एका न्यायाधीशांनी काही मुद्द्यांवर वेगळं मत नोंदवलं. स्त्रियांना कमिशनच्या कामातली जोखीम, अनिश्चितता नको असते, हे म्हणणं कोर्टाला पटलं. खरं तर १९७७ पासून कमिशनवाल्यांनाही थोडा मूळ पगार मिळत होता. जोखीम पूर्वीइतकी राहिली नव्हती. आणखी एक गोष्ट आयोगाला भोवली. 'मी ही जागा मागितली आणि मला नाकारली' असं सांगणारी एकही बाई त्यांनी उभी केली नाही. नुसती आकडेवारी. न्यायाधीशांनी त्यावर बोट ठेवलं.

रोझेनबर्गवर तेव्हा आपल्यासारख्या गटांतून फार टीका झाली. मला ती खोटारडी वाटत नाही. 'बाईचा स्वभाव वेगळा, बाई जोडते, बाई सांभाळते' हे आपण आपल्या शिबिरांत किती प्रेमाने बोलतो! तेच वाक्य पगारपत्रकावर नेऊन ठेवलं की काय होतं, ते तिने ठेवून दाखवलं. तिची चूक झाली ती ठेवण्याची जागा निवडण्यात, असं मी म्हणेन.

आता त्या जोखमीचं पुढे काय झालं ते पाहा.

१९९० च्या आसपास वॉलमार्टने सीअर्सला मागे टाकलं. भागधारक ओरडू लागले की विमा आणि दलालीच्या धंद्यांची खरी किंमत दुकानांमुळे झाकली जाते, वेगळे काढा. १९९२ साली कंपनीला ३.९ अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि मोडणी सुरू झाली. १९९३ मध्ये डीन विटर आणि डिस्कव्हर वेगळे, कोल्डवेल बँकर विकली, १९९५ मध्ये ऑलस्टेट पूर्ण वेगळी. ज्यांच्याकडे सीअर्सचे शेअर होते, त्यांच्या हातात नव्या कंपन्यांचे शेअर आले. त्याच १९९३ च्या जानेवारीत मोठा कॅटलॉग बंद करायचं ठरलं, शंभरावर दुकानं बंद आणि पन्नास हजार नोकऱ्या कमी. त्यांत अर्धवेळ नोकऱ्या पुष्कळ होत्या. म्हणजे जोखमीला भिणाऱ्या बायकांसाठी योग्य म्हणतात, त्याच प्रकारच्या.

दुसरी मोडणी आणखी लांबली. २००५ साली केमार्ट आणि सीअर्स मिळून 'सीअर्स होल्डिंग्ज' झाली. होल्डिंग कंपनी म्हणजे जी स्वतः गल्ल्यावर बसत नाही, गल्ल्यावाल्या कंपन्यांची मालकी धरून असते. सूत्रं एडी लॅम्पर्ट या फंडवाल्याकडे. त्याने एका घराच्या तीसएक चुली केल्या, प्रत्येकीचा नफातोटा वेगळा, आणि त्या आपापसात भांडू लागल्या. मग एकेक वस्तू बाहेर निघाली. २०१४ मध्ये कपड्यांची 'लँड्स एंड' वेगळी झाली. २०१५ मध्ये दोनशेहून अधिक दुकानांच्या जागा २.७ अब्ज डॉलरना एका नव्या कंपनीला विकल्या, जिचा अध्यक्ष लॅम्पर्टच. सीअर्स आपल्याच जुन्या दुकानांचं भाडं भरू लागली. २०१७ मध्ये हत्यारांचा 'क्राफ्ट्समन' ब्रँड गेला.

१५ ऑक्टोबर २०१८ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा सुमारे ७०० दुकानं आणि ६८,००० कर्मचारी उरले होते. त्याच डिसेंबरमध्ये वरिष्ठ अधिकारी आणि काही निवडक कर्मचारी यांना सुमारे अडीच कोटी डॉलरपर्यंत बोनस द्यायला कोर्टाने परवानगी दिली. ते थांबावेत म्हणून! काउंटरवरच्या बाईने थांबावं म्हणून कुणी अर्ज केल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

निवृत्त झालेल्यांचं काय? त्यांना कंपनीकडून दोन गोष्टी होत्या, पेन्शन आणि आयुर्विमा. पेन्शनच्या मागे १९७४ चा कायदा होता, म्हणून २०१९ मध्ये सुमारे ९०,००० लोकांच्या पेन्शन योजना सरकारी हमी महामंडळाने आपल्याकडे घेतल्या. विम्याच्या मागे असा कायदा नव्हता. तो त्याच वर्षी मार्चमध्ये बंद झाला. ज्यांनी आपल्या अंत्यविधीचा खर्च त्या विम्यावर धरला होता, त्यांना नवा विमा घ्यायचं वय राहिलेलं नव्हतं.