अंदाजाचा आकडा आणि गावचे शिवार



पडेगाव हे छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, दौलताबादच्या वाटेवर आहे. शहर येथवर पोहोचले असले तरी भोवतालच्या शिवारांत मृगाची पहिली सर पडताच जुनाच प्रश्न उभा राहतो : पेरावे की थांबावे? पेरणी फसली की बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च दुसऱ्यांदा अंगावर पडतो.

या प्रश्नास साहाय्य करणारे हवामान-प्रारूपांचे आकडे आज कोणासही विनामूल्य मिळू शकतात. अमेरिकेचे जागतिक प्रारूप दिवसातून चार वेळा चालते आणि सोळा दिवसांपर्यंतचा अंदाज देते. भारताने २६ मे २०२५ रोजी, पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत विकसित झालेली, ६ किलोमीटर जाळीची ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ कार्यान्वित केली. ग्रामपंचायतींसाठी पाच दिवसांचा अंदाज २४ ऑक्टोबर २०२४ पासून ‘ई-ग्रामस्वराज’ व ‘मेरी पंचायत’ यांवर उपलब्ध झाला आहे.

आकडा हाती आला, तरी तो कोणत्या जागेचा हे पाहिले पाहिजे. अमेरिकन प्रारूपाची खुली आकडेवारी पाव अंशाच्या, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरच्या जाळीवर मिळते. पडेगावास सर्वांत जवळचा जाळीबिंदू २० अंश उत्तर, ७५.२५ अंश पूर्व येथे, खुलताबादच्या बाजूच्या डोंगराळ भागात पडतो. त्यामुळे पडेगाव, दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या वाट्यास एकच आकडा येतो. मराठवाड्यात तर बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ हा नेहमीचा अनुभव! जाळीवरचे २० मिलिमीटर म्हणजे आपल्या शेतातले २० मिलिमीटर नव्हेत.

दुसरी चूक वेळेची होते. प्रारूपाचा दिवस ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. आपल्याकडील पर्जन्यमापकाची नोंद मात्र सकाळी साडेआठला घेतात. तुलना करताना साडेआठ ते साडेआठ असेच चोवीस तास धरावेत. एरवी पहाटेची एखादी सर भलत्याच दिवसाच्या खाती जाते आणि दोष प्रारूपास दिला जातो.

पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल असावी, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. हा पाऊस प्रत्यक्ष पडलेला असावा लागतो, अंदाजातला नव्हे. अंदाजाचा उपयोग पुढच्या आठवड्यासाठी : ओल झाल्यावर मोठी उघडीप दिसते काय? लागोपाठच्या फेऱ्यांत तीच उघडीप कायम राहिली तर ती गांभीर्याने घ्यावी. दर फेरीस आकडा हेलकावत असेल तर त्यावर बियाण्याची पिशवी फोडू नये.

शाळेतील साधा पर्जन्यमापक येथे मोलाचा ठरतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एका वहीत दोन रकाने भरून घ्यावेत : काल सांगितलेला पाऊस आणि आज मोजलेला पाऊस. प्रारूपे हलका पाऊस वरचेवर दाखवितात आणि जोराच्या सरी बोथट करतात, असे सामान्यतः आढळते. पडेगावच्या बाबतीत हा फरक किती, हे एक-दोन पावसाळ्यांत त्या वहीतून दिसू लागेल. वही जूनच्या पहिल्या दिवशी सुरू करावी, आणि कोरड्या दिवशीही शून्य लिहावे.